मोठ्या फिश टँकचा लाकडी स्टँड घरी बनवायचाय? आधी वजन कुठून कुठे जातं ते बघा

लाकूड बघायला नंतर जा, आधी कागद पेन घेऊन वजन काढा. बाहेरून १२० सेंमी लांब, ४५ रुंद आणि ५० उंच अशी चार फुटी टाकी धरू, १० मिमी काचेची. आत साधारण ११८ बाय ४३ जागा उरते, पाणी ४६ सेंमीपर्यंत भरलं की २३३ लिटर होतं, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १० मिमी काच एका चौरस मीटरला २५ किलो भरते, या टाकीला जवळपास सव्वादोन चौरस मीटर काच लागते म्हणजे ५५ किलो तिचे. तळाला ५ सेंमी वाळू टाकली तर ती ४० किलो, वर थोडे दगड पंधरा किलोचे. वाळू आणि दगड जेवढी जागा खातात तेवढं पाणी कमी बसतं, ते वजा केलं तरी बेरीज सव्वातीनशे किलोच्या घरात जाते. म्हणजे चार-पाच मोठी माणसं एका टेबलावर उभी आहेत आणि ती खाली उतरणारच नाहीयेत, रात्री नाही, सुट्टीला नाही, वर्षानुवर्षं नाही. स्टँड बनवताना हे चित्र डोक्यात ठेवा.

आता घाबरवणारी गोष्ट सांगितली तर धीर देणारी पण सांगतो. लाकूड उभं असताना, म्हणजे वजन त्याच्या रेषांच्या दिशेनं येतं तेव्हा, प्रचंड ताकदीचं असतं. कोरडं साधं पाईन दर चौरस सेंमीला तीनशे किलोच्या पुढं भार आल्यावर चिरडायला लागतं. ३८ बाय ८९ मिमीच्या एका पायाचा छेद जवळपास ३४ चौरस सेंमी आहे, हिशोब केला तर आकडा दहा टनावर जातो. गाठी, चिरा, आपले वाकडे सांधे सगळं धरून दहावा हिस्सा पकडला तरी एक पाय एक टन घेईल. म्हणजे लाकूड कमी पडून स्टँड बसतो असं सहसा होत नाही. बसतो तो दुसऱ्याच कारणांनी, वजन लाकडावर न येता स्क्रूवर येतं म्हणून, स्टँड बाजूला झुकतो म्हणून, वरचा भाग पिळलेला असतो म्हणून, नाहीतर पाणी झिरपून लाकूड फुगतं म्हणून.

पहिलं कारण मी स्वतः भोगलंय. माझ्या पहिल्या स्टँडला मी चार पाय उभे केले आणि वरच्या आडव्या फळ्या त्या पायांच्या बाहेरून स्क्रूनं ठोकल्या, प्रत्येक कोपऱ्यात तीन स्क्रू. दिसायला एकदम छान, हलवून बघितला तर घट्ट. पण नीट विचार केला तर त्या फळीच्या खाली काहीच नव्हतं, ती नुसती स्क्रूंना लटकली होती आणि फळीवर टाकी. सात महिन्यांनी एकदा पुसताना लक्षात आलं की पाण्याची रेघ डावीकडे काचेच्या कडेपासून २२ मिमी खाली आहे आणि उजवीकडे १८. पाणी तर नेहमी सपाटच राहतं, म्हणजे टाकी उजवीकडे ४ मिमी खाली बसली होती. फळी थोडी वर करून स्क्रू काढला तर त्याचं भोक गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालेलं, आणि भोवतीचं लाकूड दाबून काळपट पडलेलं. सगळे मासे बादल्यांत काढून त्या रात्री टाकी रिकामी केली. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, टाकीच्या तळापासून जमिनीपर्यंत लाकूड लाकडावर टेकलं पाहिजे, मधे कुठेही वजन स्क्रूवर यायला नको. तुमच्या डिझाईनवर बोट ठेवून वरून खाली या आणि प्रत्येक सांध्याला स्वतःला विचारा, हा स्क्रू काढून घेतला तर वरचा तुकडा खाली पडेल का? पडत असेल तर तो सांधा बदला. स्क्रूचं काम तुकडे एकमेकांपासून सरकू न देणं एवढंच.

जागा आणि जमीन

टाकी कुठे ठेवणार ते आत्ताच ठरवा कारण उंची, दार कुठे, पाईप कुठून हे सगळं त्यावर आहे. काँक्रीट स्लॅब असेल तर भिंतीच्या जवळ, शक्यतो खाली बीम असलेल्या बाजूला. लाकडी जमीन असेल तर खालचे वासे कुठल्या दिशेनं गेलेत ते शोधा आणि टाकी त्यांना आडवी ठेवा, म्हणजे वजन तीन-चार वाशांवर वाटलं जाईल, एकाच वाशावर लांबीनं बसणार नाही. टाकी सहा फुटी किंवा त्याहून मोठी असेल, किंवा जमीन वरच्या मजल्यावरची लाकडी असेल, तर इंजिनिअरला दाखवून घ्या, यात अंदाज चालत नाही. थेट ऊन येणारी खिडकी टाळा, शेवाळ वाढतं. आणि भिंतीपासून निदान ७-८ सेंमी जागा सोडा, पाईप आणि तुमचा हात दोन्ही तिथून जायचेत.

उंचीचं म्हणाल तर मी ७५ सेंमी ठेवतो. टाकी ५० ची म्हणजे वरची कड सव्वाशेवर येते, उभं राहून हात तळापर्यंत पोचतो. यापेक्षा उंच केलात तर तळाचं झाड लावायला प्रत्येक वेळी स्टूल लागेल, शिवाय अरुंद स्टँड जेवढा उंच तेवढा धक्क्याला कच्चा. खाली कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्यासारखा फिल्टर, ठेवणार असाल तर त्याची उंची मोजा आणि डोकं उघडून वर काढायला लागणारी जागाही धरा. संप, म्हणजे फिल्टरचं काम करणारी खालची दुसरी छोटी टाकी, ठेवणार असाल तर तो तयार स्टँडच्या दारातून आत जातोय ना हे आधी मापा. ही चूक लोक फार करतात, संप आणतात आणि तो आत घालायला मग पाय कापायची वेळ येते.

लाकूड कसलं

मी इथे ३८ बाय ८९ मिमीचं रंधा मारलेलं लाकूड धरलंय, ज्याला दुकानात दोन बाय चार म्हणतात. पाईन चालतं, साग मिळाला तर उत्तम, नाव महत्त्वाचं नाही, सरळपणा आणि कोरडेपणा महत्त्वाचा. प्रत्येक फळी डोळ्यापाशी धरून बंदुकीचा नेम धरल्यासारखं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघा. बाक असेल तर लगेच दिसतो, पीळ असेल तर लांबचं टोक जवळच्या टोकाला समांतर दिसत नाही. थोडा बाक चालून जातो, पीळ अजिबात घेऊ नका, तो क्लॅम्पनं दाबून सरळ करता येतो पण क्लॅम्प सोडला की परत येतो. मोठी गाठ फळीच्या मधे खालच्या कडेला असेल तर ती फळी आडव्या कामाला नको, आखूड तुकडे कापायला वापरा. हाताला गार आणि जड लागतंय म्हणजे अजून ओलं आहे, ते घरात वाळताना आकसणार. घरी आणल्यावर ज्या खोलीत टाकी ठेवायची तिथेच आठ-दहा दिवस पट्ट्या मधे घालून रचून ठेवा, हवा खेळू द्या, मगच कापा.

तांब्याचं औषध मुरवलेलं हिरवट लाकूड मिळतं बाहेरच्या कामाचं, ते मी घेत नाही. बरेचदा ओलं असतं, आणि तांबं कोळंबी-गोगलगायींना विषच आहे.

पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ भार घ्यायच्या जागी कुठेही नको, एकदा पाणी कडेतून आत शिरलं की फुगतो आणि मग पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. प्लाय मात्र पाहिजेच, वरच्या पाटाला १८ मिमी आणि बाजूंना १२ मिमी, मरीन किंवा वॉटरप्रूफ दर्जाचा.

कापायची मापं

चार लांब तुकडे १२० सेंमीचे, दोन वरच्या चौकटीला आणि दोन खालच्या. सहा आडवे तुकडे ३७.४ सेंमीचे, प्रत्येक चौकटीला तीन, दोन टोकांना आणि एक मधे. हे ३७.४ कुठून आले तर ४५ मधून दोन लांब फळ्यांची जाडी म्हणजे ३.८ दोनदा गेली. पाय आठ, प्रत्येकी ५५.४ सेंमी. खालची चौकट ८.९, पाय ५५.४, वरची चौकट ८.९ आणि पाट १.८, बेरीज बरोबर ७५. सगळं मिळून साडेअकरा मीटर लाकूड लागतं, तेरा मीटर घ्या, वाया जातंच. तुमचं लाकूड ३८ बाय ८९ नसेल, दोन-चार मिमी इकडं तिकडं असेल, तर स्वतः मोजून आकडे बदला, माझे तसेच उचलू नका.

आठ पाय एकसारखे असणं याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. प्रत्येक पाय टेपनं मोजून कापलात तर पेन्सिलच्या रेघेच्या जाडीएवढा फरक येणारच. त्यापेक्षा करवतीच्या बाजूला एक ठोकळा घट्ट बसवा आणि प्रत्येक तुकडा त्याला टेकवून कापा, ठोकळ्यापाशी साठलेला भुसा दर वेळी झटकून, कारण तो भुसाच अर्धा मिमी खातो. कापून झाले की आठही पाय सपाट फरशीवर एकमेकांना चिकटवून उभे करा आणि डोळे मिटून वरून बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारी पायरी बोटाला कळते. जो उंच लागेल त्यावर सँडपेपर ठोकळ्याला गुंडाळून घासा, परत बोट फिरवा.

चौकटी

फळ्या कडेवर उभ्या ठेवायच्या, म्हणजे ८९ मिमीची बाजू उभी, झोपवायच्या नाहीत. वाकणं फळीच्या उंचीच्या घनावर ठरतं, म्हणून तीच फळी झोपवली तर साडेपाचपट जास्त वाकते. कडेवर उभी फळी आपल्या चार फुटी टाकीखाली मधोमध एखादा मिमी वाकेल, ते काचेला चालतं. सहा फुटी टाकीला तीच फळी वापरलीत तर सहापट वाकते, तिथे १४ सेंमी उंचीची फळी घ्या किंवा मधे पाय द्या. आणि मधे पाय देणार असाल तर पुढेही द्या, मागेही द्या. दाराला अडचण नको म्हणून लोक फक्त मागे देतात, मग मागची बाजू ताठ राहते, पुढची वाकते, आणि टाकी पिळवटते. काच दाबाला भक्कम असते पण पिळाला नाही.

लांब दोन फळ्यांच्या मधे आडवे तीन तुकडे बसवा. आधी भोकं पाडा, स्क्रूच्या दांड्यापेक्षा बारीक ड्रिलनं, नाहीतर टोकाला फळी फाटते. सांध्याला वॉटरप्रूफ वुड ग्लू, क्लॅम्प, मग ७५ मिमीचे दोन स्क्रू. घट्ट करायच्या आधी दोन्ही कर्ण मोजा, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत, दोन्ही सारखे आले की चौकट काटकोनात आहे. सारखे नसतील तर लांब कर्णाचे कोपरे हातानं दाबा, लगेच सरकतं, ग्लू ओला आहे तोवरच. दुसरी चौकट पहिलीवरच ठेवून बनवली तर दोन्ही आपोआप जुळतात.

पाय उभे करणं

प्रत्येक कोपऱ्यात दोन पाय एल आकारात येतात. पहिला लांब फळीच्या बरोबर खाली, त्याची रुंद बाजू लांबीच्या दिशेला. दुसरा त्याच्या आतून टेकून, आडव्या फळीच्या खाली. दोन्ही एकमेकांना ग्लू आणि स्क्रूनं आधीच जोडून घ्या, चार एल तयार होतील, वरची-खालची टोकं एकसारखी ठेवून. एल आकार यासाठी की सुटी फळी पातळ दिशेला डुगडुगते, एल कुठल्याच दिशेला नाही. आणि वरच्या चौकटीचे चारही कोपरे दोन्ही दिशांनी लाकडावर पूर्ण टेकतात, स्क्रूवर काही येत नाही.

खालची चौकट सपाट जमिनीवर ठेवा, चार एल उभे करा, वरची चौकट वर ठेवा. स्क्रू न लावता हे सगळं आपोआप उभं राहिलं पाहिजे. राहिलं तर तुमचं डिझाईन बरोबर आहे. मग एकेक कोपरा गुण्या लावून बघा आणि तिरके स्क्रू मारून पकडा. टेकलेल्या जागी मधे फट दिसत असेल तर ती ग्लूनं भरायची नाही, ग्लू भार घेत नाही, पाय काढून टोक घासून परत बसवा.

आता हा सांगाडा वरून दाबा, दगडासारखा. पण बाजूनं ढकला, हलतो. इथेच बरेच जण फसतात, वरचा भार घेतोय म्हणजे झालं असं वाटतं. मागून आणि दोन्ही बाजूंनी १२ मिमी प्लाय लावा, वरची चौकट, पाय आणि खालची चौकट तिन्हींना ग्लू आणि दर १५ सेंमीला स्क्रू. पाईप आणि वायरसाठी मागच्या प्लायला भोकं हवीत, ती कोपऱ्याच्या जवळ पाडू नका आणि चौकोनी कापलीत तर कोपरे गोल करा. प्लाय लागल्यावर परत ढकलून बघा, फरक हाताला कळेल. पुढची बाजू दारासाठी उघडी राहते म्हणून तिथे वरच्या दोन कोपऱ्यांत आतून प्लायचे त्रिकोण लावतो मी, हातभर जागाही जात नाही आणि पुढचा भाग ताठ होतो. खालचा प्लाय चार कोपरे एल आकारात कापून चौकटीवर बसवा.

वरचा पाट आणि पीळ तपासणं

पाट लावायच्या आधी वरच्या चौकटीवर समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे ताणून बांधा, तिरके, एकमेकांना छेदणारे. मधे ते नुसते एकमेकांना स्पर्श करायला हवेत. वरचा दोरा अधांतरी राहतोय किंवा खालचा दोरा वरच्याला उचलतोय म्हणजे चौकटीला पीळ आहे. वरचा दोरा खाली आणि खालचा वर करून परत बघा म्हणजे खात्री होईल. उंच कोपरा रंध्यानं उतरवा. मग १८ मिमीचा पाट, बाजूचा प्लाय झाकला जाईल एवढा मोठा, ग्लू आणि बुडवलेले स्क्रू, एकही डोकं वर यायला नको, खडेभर उंचवटा पण काचेखाली चालत नाही.

टाकीखाली काय घालायचं हे टाकीवर अवलंबून. नुसत्या काचेची, तळ सरळ पाटावर बसणारी टाकी असेल तर खाली ६ ते १० मिमीचा फोम किंवा थर्माकोल पूर्ण तळाला, तो बारीक खडबडीतपणा पोटात घेतो. खाली प्लास्टिकची चौकट असलेल्या टाकीचं वजन फक्त कडांवर येतं, तिथे फोम घालायचा नाही, तो मधे फुगून तळकाचेला वर रेटतो. बनवणाऱ्यानं टाकीबरोबर काही सूचना दिली असेल तर तीच पाळा. आणि फोम म्हणजे वाकड्या स्टँडवरचं औषध नाही, पीळ तो बरा करत नाही.

पाणी लागणारच

हात बुडवताना थेंब गळतात, फिल्टर काढताना पाईपातलं अर्धा कप सांडतं, हे रोजचं आहे. सँडपेपर मारून पॉलीयुरेथेनचे तीन हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर बारीक कागद फिरवून. प्लायच्या कडा आणि फळ्यांची कापलेली टोकं जास्त पितात, तिथे चौथा हात द्या, आणि सगळ्यात विसरला जाणारा भाग म्हणजे खालच्या चौकटीचा जमिनीला टेकणारा तळ, स्टँड उलटा करून तो पण रंगवा. आतल्या तळाच्या चारही कडांना सिलिकॉनची रेघ ओढली की छोटा ट्रे तयार होतो, सांडलेलं आतच थांबतं. वास पूर्ण जाईपर्यंत आठवडाभर हवेशीर ठेवा, मासे असलेल्या खोलीत ताजं पॉलिश नको.

इलेक्ट्रिकचं बोर्ड स्टँडच्या तळाला कधीच ठेवू नका, आतल्या बाजूला वर बसवा, पाईपांच्या खाली नाही. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोक्याच्या तळातून टपकेल, सॉकेटात जाणार नाही. या लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, असायलाच हवा, ओला हात आणि वीज एकत्र येणारी ही जागा आहे.

भरणं

रिकामी टाकी स्टँडवर ठेवायच्या आधी स्टँड त्याच्या जागी ठेवून स्पिरिट लेव्हलनं लांबी, रुंदी आणि दोन्ही तिरक्या दिशा बघा. जमीन वाकडी असेल तर पाचर स्टँडच्या खाली घाला, कडक लाकडाची किंवा प्लास्टिकची, आणि जिथे पाय येतो तिथेच. टाकी आणि पाटाच्या मधे पाचर कधीही नाही, सगळं वजन त्या एका बिंदूवर येतं आणि काच तिथूनच तडकते. टाकी ठेवल्यावर कागदाचा तुकडा चारही कडांखालून सरकवून बघा, फोम नसलेल्या टाकीला कुठे आत जात असेल तर तिथे टेकलेली नाही, थांबा आणि पाट दुरुस्त करा.

आधी एक तृतीयांश पाणी. पट्टीनं चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा, पाण्याइतकी खरी लेव्हल दुसरी नाही. फरक दोन मिमीच्या आत असेल तर पुढे जा. तीन-चारच्या पुढे असेल तर पाणी काढा, पाचर दुरुस्त करा, भरलेली टाकी उचकटायला जाऊ नका. मग अर्धी, परत मोजा, मग पूर्ण. पूर्ण भरून २४ तास तशीच सोडा, माशांची घाई नको. दुसऱ्या दिवशी तेच चार आकडे परत मोजा, पाण्याची वाफ होऊन एखादा मिमी सगळीकडे सारखा बदलला तर ठीक, कोपऱ्याकोपऱ्यात कमी-जास्त बदलला तर जमीन किंवा पाचर कुठे दबली ते शोधा. महिन्याभरानं एकदा अजून मोजा, तोच कागद जपून ठेवा, आणि पाणी बदलायच्या दिवशी मागच्या कोपऱ्यात स्टँडच्या तळाशी हात फिरवून ओल लागते का तेवढं बघत जा.